कन्सील्ड डोअर क्लोजरच्या नावावर ८१,९५० रुपयांचा चुना, नागपूरकरांनो सांभाळा

आधी आकडे सांगतो, मग पाहिजे तेवढ्या शिव्या घाला. ६,८५० रुपयांचा एक, असे ११ कन्सील्ड क्लोजर, म्हणजे दार आपोआप हळू बंद करणारं, दारातच लपलेलं यंत्र, त्याचे झाले ७५,३५०. फिटिंग दारामागे ६००, म्हणजे ६,६००. एकूण ८१,९५०. त्यातले ५०,००० यूपीआयने अ‍ॅडव्हान्स आणि ३१,९५० माल उतरल्यावर रोख. पक्कं बिल नाही, कच्ची चिठ्ठी. पक्कं घेतलं असतं तर मालावर १८ टक्क्यांनी १३,५६३ वर लागले असते, आणि आता मला अक्कल शिकवणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरच्या टाइल्सचं पक्कं बिल दाखवावं.

माझी अभ्यासिका आहे, दोन मजली, एमपीएससीवाली पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. तिथे दार आपटलं की सगळा हॉल मान वर करतो आणि शिव्या मला बसतात, शिवाय एसी चालू असताना दार उघडं राहिलं तर विजेचं बिल वेगळंच. आधी दारावर दिसणारे साधे क्लोजर होते, पण रिनोव्हेशनमध्ये डिझायनर म्हणाला की ते आता जुनाट दिसतात, लपलेले लावा. बॉडी दाराच्या वरच्या कडेत खाच करून बसते, ट्रॅक चौकटीत जातो, दार बंद केलं की काहीच दिसत नाही. कल्पना चांगलीच आहे, माझं भांडण त्या वस्तूशी नाही.

दुकान इतवारी भागातलं, नाव लिहीत नाही कारण वकिलाने मना केलंय. काउंटरवर डिस्प्लेचं छोटं दार, त्यात खरा माल बसवलेला, दार हळूहळू येतं आणि शेवटच्या दोन बोटांवर मऊ टक करून लॅचमध्ये बसतं. मी मोबाइलवर व्हिडिओसुद्धा काढला. त्या व्हिडिओत बॉडीवरची प्लेट स्पष्ट दिसते, ईएन ११५४ (डोअर क्लोजरचं युरोपियन स्टँडर्ड) आणि पुढे सहा आकडे. तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळायचं कारणही नव्हतं, मी अभ्यासिका चालवतो, हार्डवेअर नाही. आता पाठ झालंय. दुसरा आकडा ८ असला पाहिजे, म्हणजे पाच लाख वेळा उघडबंद करून टेस्ट झालेला. तिसरा आकडा ताकद, साइज ३ म्हणजे साधारण ९५० मिमी रुंद आणि ६० किलोपर्यंतचं दार, साइज ४ म्हणजे ११०० मिमी आणि ८० किलो. चौथ्या जागी ० असेल तर तो फायर डोअरवर, म्हणजे आग अडवणाऱ्या दारावर, चालत नाही. आणि फायर डोअरला साइज ३ पेक्षा कमी लावतच नाहीत.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून डोकं फिरतं. टेम्पो दारात उभा, माझ्याकडे नवीन बॅचचे अ‍ॅडमिशन सुरू, आणि सुताराने पहिला खोका उघडून तो पीस हातावर तोलला आणि म्हणाला, "भाऊ, हा तर एकदम हलका वाटून राहिला मले." मी पाहिलं तर प्लेट नाही, सहा आकडे नाहीत, नुसतं चकचकीत स्टिकर, त्यावर आयएसओ ९००१. मी तिथेच दुकानात फोन लावला. पोरगा म्हणतो, "सर नवीन मॉडेल आहे, मॅग्नेशियम बॉडी, म्हणून हलका." इतकं पटकन उत्तर आलं की बरोबरच वाटलं. दाराशी उभ्या माणसाला कोण म्हणतं की थांब, मी आधी धातुशास्त्र शिकून येतो? चलनावर 'माल बरोबर मिळाला' लिहून सही केली आणि रोख दिले. आयएसओ ९००१ हे कंपनीच्या कारभाराचं सर्टिफिकेट असतं, वस्तू टेस्ट झाली की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही, हे मला नंतर कळलं. खोका ओळखीच्या ब्रँडचा होता, आत काहीही.

आणि त्याहून मोठी खूण आधीच होती. दुकानदाराने दाराची जाडी विचारलीच नाही. दारात बसणाऱ्या चांगल्या क्लोजरला पल्ला कमीत कमी ४० मिमी जाड लागतो, माझे फ्लश डोअर ३५ चे. खरा विकणारा पहिला प्रश्न हाच करतो आणि पल्ला बारीक असेल तर सरळ नाही म्हणतो. याने विचारलं फक्त, "नग किती?" त्याचा डुप्लिकेट माल बारीक होता म्हणून खाच कशीबशी बसली, पण दोन्ही बाजूंना लाकूड इतकं पातळ उरलं की दोन दारांच्या वरच्या कडेला भेग गेली.

लावल्यावर काही दिवस बरे चालले. मग मे आला. आपला मे तुम्हाला सांगायची गरज नाही, पारा ४५ वर, दाराचा वेग आवरणारं आतलं स्वस्त तेल पातळ झालं आणि दारं धाडकन बंद व्हायला लागली, जे टाळायला हे सगळं केलं तेच. लॅमिनेटवरून तेलाचे काळे ओघळ. मी ट्रॅकचा हात सोडून, पल्ला उघडा धरून, अ‍ॅलन कीने स्क्रू फिरवायला बसलो. दोन स्क्रू असतात, एक पूर्ण झोक्याच्या वेगाचा, दुसरा शेवटच्या लॅचच्या वेगाचा. पहिला थोडा तरी आवळत होता. दुसरा नुसता गोल गोल फिरतोय, ना घट्ट होतोय ना सैल, मागे काहीच नाही. एक पीस सुताराकडून कापूनच पाहिला, दुसरा स्क्रू अर्ध्या इंचाच्या आंधळ्या भोकात बसवलेला. म्हणजे चुकून खराब माल आला नाही, कोणीतरी मुद्दाम खोटा स्क्रू लावलाय.

यातला एक जिन्याच्या फायर डोअरवर लावला होता. ते दार २६,४०० चं, सर्टिफिकेटवालं. त्यात सुताराने खाच मारली. असल्या दारात क्लोजरची खाच फॅक्टरीतच, टेस्ट झालेल्या डिझाइनप्रमाणे व्हायला लागते, साइटवर कोरलं की ते सर्टिफिकेट कागदापुरतं उरतं. हे मला दुकानदाराने सांगितलं नाही, डिझायनरने सांगितलं नाही, ज्याने दार विकलं त्यानेही नाही. सगळ्यांना माहीत होतं म्हणे.

दुकानदार म्हणतो, "तुम्ही सही केली ना सर." ब्रँडवाल्यांना मेल केला, उत्तर आलं की हा सिरीयल आमचा नाही, तो डीलरही आमचा नाही, धन्यवाद. बावा, तुमच्या नावाचा खोका इतवारीत खुलेआम विकून राहिले आणि तुम्ही मला धन्यवाद म्हणता! पोलीस ठाण्यात साहेबांनी व्हिडिओ पाहायच्या आधीच सांगितलं, सिव्हिल मॅटर आहे. मी म्हटलं, डुप्लिकेट माल सिव्हिल कसा? म्हणाले, "तक्रार त्या कंपनीने करावी, तुमचं काय नाव आहे का खोक्यावर?" एका ऑफिसात गेलो की खोक्यावर एमआरपी आणि उत्पादकाचा पत्ताच नाही, तर त्यांनी दुसऱ्या ऑफिसात पाठवलं, तिथे मॅडम सुट्टीवर, आणि ऑनलाइन तक्रार तर बिल जोडलं नाही म्हणून आपोआप बंद. सगळ्यात कहर एका बाबूने केला. म्हणे अभ्यासिका म्हणजे व्यवसाय, तुम्ही कायद्याने ग्राहकच नाही. खोटं आहे हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम २(७) च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत येत नाही. मोबाइलवर काढून दाखवलं तर म्हणतात चष्मा नाही आणला.

कोणाला सांगतात हे लोक नियम? ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जाता येतं, हेही मलाच शोधावं लागलं. रोख दिलेल्या ३१,९५० चा मात्र माझ्याकडे कागदच नाही, वकील म्हणतो यूपीआयच्या ५०,००० वर लढू.

घेणार असाल तर डिस्प्लेला हात लावू नका, तुमच्याच गाडीत चढणारा खोका फोडायला लावा आणि तिथेच दोन्ही स्क्रू फिरवून पाहा. चलनावर 'तपासणी बाकी' लिहूनच सही करा, टेम्पोवाला कितीही घाई करो. जिथे दिवसभर वारा येतो किंवा कूलरच्या हवेचा दाब असतो त्या बाहेरच्या दाराला लपलेला लावूच नका, ट्रॅकवाल्याची ओढ साध्या हाताच्या क्लोजरपेक्षा कमी असते. बिजागरीच्या बाजूने बसणारे साखळीवाले स्वस्त पीस दाखवले तर आत तेलाचं डॅम्पिंग आहे का विचारा, नुसती स्प्रिंग असेल तर आपटणारच.

भेग पडलेले दोन्ही पल्ले बदलले, बाकीच्या खाचा लाकडाने बुजवल्या. फायर डोअरची नवीन ऑर्डर दिली आहे, त्यावर क्लोजर वरूनच लागेल, दिसला तर दिसला.