डिस्नेमधला प्रिन्सेस मेकओव्हर आणि ठाण्यातलं 'प्रिन्सेस पॅकेज' : दोन्हीचा रिव्ह्यू

सोसायटीच्या ग्रुपवर लेकीचा किल्ल्यासमोरचा फोटो टाकला तेव्हापासून बऱ्याच जणी विचारतायत की ते डिस्नेमधलं प्रिन्सेस पार्लर खरंच पैसे घालण्यासारखं आहे का, आणि तसं काही इथे ठाण्यात मिळतं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. घाईत असाल तर एवढंच, की तिकडे जाणारच असाल आणि पोरीला नटायची आवड असेल तर जरूर करा. इथे करायचं असेल तर मात्र आधी थोडी चौकशी केल्याशिवाय पोरीला खुर्चीत बसवू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेत फ्लोरिडाला ऑरलँडोजवळ डिस्ने वर्ल्ड आहे, त्यात मॅजिक किंगडम नावाचा पार्क, आणि त्या पार्कच्या मधोमध जो निळ्या कळसांचा सिंड्रेलाचा किल्ला सगळ्यांच्या फोटोत असतो ना, त्या किल्ल्यातच लहान मुलींना राजकन्येसारखं नटवणारं हे सलॉन आहे, नाव बिबिडी बॉबिडी बुटीक. फ्लोरिडात त्यांनी हे २००६ ला चालू केलं, किल्ल्यातलं २००७ पासूनचं, मग कोविडमध्ये २०२० ला बंद पडलं आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये परत उघडलं. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये आहे, टोकियोला आणि हाँगकाँगला पण आहे. आम्ही फ्लोरिडाचं केलं कारण माझी बहीण तिकडेच राहते, त्यामुळे मी जे सांगतेय ते तिथलं. ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठीच आहे, आपण आयांनी नुसतं बघायचं. आणि हो, १४ वर्षांच्या आणि त्यापुढच्यांना पार्कात कॉस्च्युम घालून फिरायला बंदी आहे, त्यामुळे मायलेकी मॅचिंग गाऊन वगैरे प्लॅन करत असाल तर सोडून द्या.

आता पैसे. साधं पॅकेज साधारण १०० डॉलरपासून सुरू होतं, म्हणजे आपले नऊएक हजार धरा, त्यात केस, मेकअप, नखं, खांद्यावरून तिरका घालायचा पट्टा आणि एक छोटी पिशवी. त्यांचा गाऊन, मुकुट, छडी वगैरे घेतलं की २०० च्या पुढे जातं, आणि त्याच्याही वरची महागडी पॅकेजेस आहेत. टॅक्स वेगळा, टिप वेगळी, आणि पार्कच्या आतच असल्यामुळे पार्कचं तिकीट लागतंच, ते पण एका माणसाचं १०० डॉलरच्या बरंच वर. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्ट्यांच्या सीझनला पटापट भरतं, आयत्या वेळी जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. पैसे वाचवायचे तर स्वतःचा ड्रेस घेऊन जा, चालतो. आम्ही तेच केलं, गाऊन बाहेरून आधीच घेतला होता आणि पॅकेज सगळ्यात साधं घेतलं, पोरीच्या आनंदात काडीचा फरक पडला नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे, की ते पैसे नक्की कशाचे आहेत. अंबाडा तर मी घरी पण घालते हो, जेल लावून, पिना टोचून, वर जाळी बसवून. चमचम पण लावता येते. तिथे जे मिळालं ते म्हणजे माझ्या साडेपाच वर्षांच्या लेकीशी पाऊण तास एक मोठी बाई फक्त तिच्याशीच बोलली. तिथल्या केस करणाऱ्या बायकांना फेअरी गॉडमदरच्या अप्रेंटिस म्हणतात, म्हणजे परीकडे जादू शिकणाऱ्या, आणि त्या शेवटपर्यंत त्या भूमिकेतून बाहेर येत नाहीत. आमच्यावाली आल्या आल्या खाली वाकली, लेकीच्या डोळ्यांच्या लेव्हलला आली, आणि मला काही न विचारता थेट तिला विचारलं की तुला आज कसं दिसायचंय. लेकीचं इंग्लिश तसं शाळेपुरतं, ती गप्पच झाली आधी. मी मध्ये बोलणार तेवढ्यात त्या बाईने नुसते चित्रांचे पर्याय पुढे केले आणि थांबली. खरंच थांबली, घाई नाही, घड्याळाकडे बघणं नाही. मग लेकीने बोट दाखवलं.

खुर्ची आरशाकडे पाठ करून असते. म्हणजे आपल्यावर काय चाललंय ते मुलीला दिसतच नाही, आणि शेवटी सगळं झालं की सगळे मिळून मंत्र म्हणतात आणि खुर्ची फिरवतात. हे आधी व्हिडिओत बघितलं होतं तरी प्रत्यक्षात लेकीचा चेहरा बघून माझ्या आणि बहिणीच्या दोघींच्या डोळ्यात पाणी आलं. त्यात हुशारी अशी आहे की पाऊण तास आरसा नसल्यामुळे पोरगी मान वळवून वळवून 'कशी दिसतेय' करत बसत नाही, ती गप्पा मारते. कोणती राईड आवडली, घरी कोण कोण आहे, आजी काय करते. आजी ठाण्याला राहते आणि मोदक करते हे त्या बाईला कळलं, मोदक म्हणजे काय हे पण तिने विचारून घेतलं.

अजून एक गोष्ट जी मला फार आवडली. लेकीला लिपस्टिक नको होती, तिला ओठांवर चिकट लागलेलं आवडत नाही. तिने मान हलवली, विषय संपला, "ओके प्रिन्सेस" म्हणून बाई पुढे गेली. थोडी डोळ्यांवर चमक, गालावर एक छोटा चिकटवायचा खडा, बस. फाउंडेशन नाही, पावडरचे थर नाहीत, जशी आहे तशीच लेक, फक्त सजलेली.

फ्लोरिडाच्या उन्हाची एक सूचना. ते गाऊन पॉलिएस्टरचे असतात आणि तिथला उन्हाळा आपल्या मे महिन्यासारखाच घामट, त्यामुळे आतून सुती बनियन आणि शॉर्ट्स घालाच, नाहीतर कमरेच्या शिलाईला अंग खाजून मूल रडकुंडीला येतं. स्लॉट सकाळचा मिळाला तर घ्या, फोटो काढून झाले की गाऊन काढून पिशवीत, अंबाडा दिवसभर टिकतो. केस आदल्या दिवशी धुऊन कोरडे करून न्या, तेल लावून नेऊ नका, जेल बसत नाही.

आता ठाणे. घोडबंदर रोडच्या एका मॉलमधल्या लहान मुलांच्या सलॉनमध्ये 'प्रिन्सेस मेकओव्हर' म्हणून पॅकेज आहे, नाव लिहीत नाही. गाडीच्या आकाराच्या खुर्च्या, समोर स्क्रीनवर कार्टून, गुलाबी भिंती, दिसायला छान. १,८०० रुपयांत केस, मेकअप, नखं आणि एक प्लास्टिकचा मुकुट. लेकीच्या मैत्रिणीचा वाढदिवस होता, तिच्या आईने सगळ्या पोरींचं बुकिंग केलं होतं, आम्ही आया बाहेर सोफ्यावर बसलो होतो, काचेतून सगळं दिसत होतं.

पहिलं म्हणजे कोणी पोरींशी बोललंच नाही. एक दीदी दुसऱ्या दीदीशी बोलतेय आणि हात चालूच आहेत, मान इकडे, मान तिकडे, हलू नको बेटा. गरम टाँगने पाच वर्षांच्या पोरीचे केस कुरळे करायला घेतले, ते टाँग १५०-२०० डिग्रीपर्यंत तापतं आणि पोरं एका जागी बसत नाहीत हे कोणालाही कळायला हवं, मी आत जाऊन थांबवलं. मग चमकी. ती चमकी बघितल्यावर माझं डोकंच फिरलं, कारण ती क्राफ्टची होती, स्टेशनरीच्या दुकानात प्रोजेक्टसाठी मिळते ना प्लास्टिकच्या डबीत, तीच, आणि ती पापणीवर लावायला घेतली होती. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा येऊ शकतो. तिथल्या ताईंना म्हटलं तर म्हणाल्या "सगळ्यांना हीच लावतो, काही होत नाही".

आणि जे मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. शेजारच्या खुर्चीतल्या पोरीला, छान सावळी गोड पोरगी आहे, तिच्या रंगापेक्षा दोन शेड फिकट फाउंडेशन फासलं आणि आरसा दाखवून म्हणे, "बघ, कशी गोरी गोरी प्रिन्सेस झालीस!" ती पोर हसली. मान्य आहे, बोलणारीच्या मनात वाईट काही नसेल. पण पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात हे बसलं की राजकन्या व्हायचं म्हणजे आधी गोरं व्हायचं, तर ते काढायला वर्षं जातात हो, आपल्यातल्या कितीतरी जणी अजून काढतायत. मी हे मॅनेजरशी शांतपणे बोलले, लेखी पण दिलं. ऐकून घेतलं, पुढे काय केलं ते कळवलं नाही.

म्हणजे नक्कल कशाची केली तर मुकुटाची, गुलाबी रंगाची आणि चमकीची. मुलीला विचारणं, थांबणं, तिचं 'नको' ऐकणं, हे सगळं तिकडेच राहिलं, आणि त्याला तर काही डॉलर लागत नाहीत. इथल्या मुली शिकलेल्या नाहीत असं अजिबात नाही, हात त्यांचे फार छान चालतात, पण त्यांना एकामागून एक पोरी उरकायला सांगितलेलं असतं आणि लहान मुलांशी कसं वागायचं हे कोणी शिकवलेलंच नसतं, हा मालकांचा दोष आहे, त्या दीदींचा नाही.

कोणी म्हणेल एवढ्या लहान पोरींना मेकअपच कशाला. माझ्या सासूबाईंचं पण तेच म्हणणं आहे आणि मला ते पटतं पण आणि नाही पण. गॅदरिंगला आपण सगळ्यांनीच गालाला लाली आणि डोळ्यात काजळ घालून नाच केलेत, गडकरी रंगायतनच्या विंगेत उभ्या राहिलेल्या पोरी बघा, कोणाचं काही बिघडलं नाही. नटणं हा खेळ आहे तोपर्यंत मला चालतं. 'तू अशी चांगली दिसत नाहीस, थांब, तुला नीट करते' असा सूर आला की मात्र मला नाही चालत, मग ते सलॉन असो नाहीतर घरातली आत्या-मावशी.

इथे बुक करणार असाल तर काय बघायचं ते सांगते. वापरणार ती वस्तू हातात घ्या आणि लेबल वाचा. आपल्याकडे कॉस्मेटिकच्या पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि लायसन्स नंबर असावाच लागतो, बाहेरून आलेलं असेल तर आयातीचा रजिस्ट्रेशन नंबर. सुटी डबी, खोडलेलं लेबल दिसलं की सरळ नाही म्हणा. सुटी प्लास्टिकची चमकी युरोपने तर ऑक्टोबर २०२३ पासून विकायलाच बंद केली, ती पर्यावरणासाठी, पण आपण डोळ्यांसाठी तरी टाळू. काळी मेंदी म्हणून जो झटपट टॅटू काढतात तो मुलांना अजिबात नको, त्यात बऱ्याचदा पीपीडी हे केसांच्या डायमधलं केमिकल असतं, त्याने कातडीवर फोड येतात आणि ती ॲलर्जी आयुष्यभर राहू शकते. नवीन काही लावायचं असेल तर एक-दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा. नखांना सोलून निघणारं पाण्याचं नेलपेंट मागा, पोरं बोटं तोंडात घालतातच. ब्रश आणि कंगवे एका पोरीचे दुसरीला लावायच्या आधी धुतात का बघा, शाळेत उवा फिरत असतातच. आणि बिल नीट बघा, सलॉनच्या सेवेवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झालाय, आम्हाला जुनाच लावला होता, दाखवल्यावर कमी केला.

लेकीच्या वाढदिवसाला आम्ही मग सलॉन केलंच नाही. नौपाड्यातल्या एक ताई आहेत, लग्नाचे मेकअप करतात, त्यांना घरी बोलावलं, आणि आधी फोनवर सगळं स्पष्ट बोलून घेतलं की फाउंडेशन नाही, टाँग नाही, प्रत्येक पोरीला विचारून करायचं. त्या म्हणाल्या, "अहो, हे तर सोपंय, मला वाटलं तुम्ही काहीतरी अवघड सांगणार." हॉलमधल्या आरशावर ओढणी टाकली, खुर्ची उलटी ठेवली. बहुतेकींना अंबाडा आणि मुकुट हवा होता, एकीला खोपा, नथ आणि चंद्रकोर हवी होती, मग ती जिजाऊ झाली, आणि माझ्या भाच्याला पण बसायचं होतं तर ताईंनी त्याला बसवलं, फेटा बांधला आणि पेन्सिलने मिशी काढली. कोणी रडलं नाही. दर डोक्यामागे तीनशे रुपये घेतले त्यांनी, आणि प्रत्येक मुलाला बारा-पंधरा मिनिटं दिली. त्यांचा नंबर इथे जाहीर टाकत नाही, सोसायटीतल्या कोणाला हवा असेल तर मला वेगळा मेसेज करा, त्यांना विचारून देईन.

शेवटचं, चमक काढायची कशी, कारण हे सगळ्याच विचारतात. साबणाने घासू नका, चेहरा लाल होतो. कापसावर खोबरेल तेल घेऊन मिनिटभर ठेवा, मग डोळ्यांच्या बाहेरच्या दिशेने अलगद पुसा. डिस्नेच्या अंबाड्याला जेल भरपूर असतं, पिना काढल्या काढल्या कोरड्यावर कंगवा फिरवू नका, आधी कोमट पाणी आणि भरपूर कंडिशनर, बोटांनीच सोडवा, आणि मग टोकाकडून वर वर या. पिना मोजून काढा, एकदोन नेहमी आत राहतात आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की टोचतात.