मराठीत रोज लिहिणाऱ्याने लिनक्सवर कोणता डेस्कटॉप निवडावा?

विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून माझ्या ओळखीतले अनेक जण जुना संगणक टाकून न देता त्यावर लिनक्स बसवू पाहत आहेत, आणि वितरण, म्हणजे लिनक्सचा कोणता तयार संच, हे ठरले की सगळ्यांची गाडी डेस्कटॉप, म्हणजे पट्टी, मेन्यू, विंडो आणि सेटिंग्ज यांचा दर्शनी भाग, कोणता घ्यावा या प्रश्नावर अडते. या विषयावरचे तुलनात्मक लेखन बहुधा मेमरी किती खर्ची पडते आणि कोणता डेस्कटॉप विंडोजसारखा दिसतो याभोवती फिरते. एक्सएफसीई, सिनॅमन, केडीई प्लाझ्मा आणि ग्नोम हे चारही मी रोजच्या कामासाठी वापरून पाहिले आहेत. माझा निर्णय मात्र यांपैकी कोणत्याच मुद्द्यावर झाला नाही. तो झाला मराठी टंकनाच्या एका अडचणीवर.

त्यासाठी आपण मराठी कोणत्या पद्धतीने लिहितो हे आधी स्वतःला विचारले पाहिजे. इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी येत असेल तर काम सोपे आहे, कारण त्यात प्रत्येक कळेवर एक ठरलेले चिन्ह असते आणि ही मांडणी कीबोर्डच्या मूळ व्यवस्थेतच मिळते. माझ्यासारखे जे रोमन अक्षरांच्या आधाराने लिहितात, म्हणजे ‘के’ नंतर ‘एच’ दाबून ‘ख’ उमटावा अशी ज्यांची अपेक्षा असते, त्यांना कळा आणि लेखन यांच्यामध्ये बसून अक्षरे जुळवणारा आणखी एक प्रोग्राम लागतो. लिनक्सवर हे काम बहुतेक ठिकाणी आयबस करतो आणि मराठीसाठी त्याला एम१७एन या टंकनपद्धतींच्या संचाची जोड द्यावी लागते. हा मधला प्रोग्राम डेस्कटॉपने आपल्या घरचा मानला आहे की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून राहते.

माझ्या ताईच्या ४ जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर मी एक्सएफसीई बसवून दिला, आणि तिला दुसरे काही सुचवण्याची वेळ अजून आलेली नाही. तिचा हात इन्स्क्रिप्टवर बसलेला आहे, त्यामुळे कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये मराठी मांडणी जोडली आणि तिचे काम सुरू झाले. एकदा तिच्याकडे काही दुरुस्त करताना मी टर्मिनलमध्ये फाइलींची यादी पाहण्यासाठी ‘एलएस’ ही आज्ञा दिली, तर पडद्यावर ‘ते’ उमटले, कारण इन्स्क्रिप्टमध्ये त्या दोन कळांवर ‘त’ आणि एकाराची मात्रा आहे. पॅनेलवरच्या कीबोर्ड मांडणीच्या प्लगइनमध्ये प्रत्येक विंडोची भाषा वेगळी ठेवण्याची सोय आहे. ती निवडल्यावर तो घोळ संपला. संगणक जुना असेल आणि इन्स्क्रिप्ट येत असेल, तर माझ्या मते पुढे फारसा विचार करण्याचे कारण उरत नाही.

प्लाझ्माविषयी मी काहीशा हळहळीने लिहितो आहे, कारण माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर मला तो मनापासून आवडला होता. त्याचा डॉल्फिन हा फाइल व्यवस्थापक एफ३ कळ दाबताच दोन कप्प्यांत विभागतो, नकलून घेतलेल्या मजकुराचा मागचा इतिहास हाताशी राहतो, आणि केडीई कनेक्टमुळे फोनवरची छायाचित्रे तारेशिवाय संगणकावर येतात. विंडोजची सवय असलेल्या माणसाला खालची पट्टी आणि मेन्यू पाहून परके वाटत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून हा डेस्कटॉप पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या वेलँड या नव्या प्रणालीवर चालणे हेच गृहीत धरतो.

माझी अडचण तिथेच सुरू झाली. मी आयबस बसवला, मराठी जोडली, संगणक पुन्हा सुरू केला, तरी अक्षरे रोमनच उमटत राहिली. वेलँडवर आयबस स्वतंत्रपणे सुरू करून भागत नाही. प्लाझ्माच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तो निवडावा लागतो, आणि ती निवड ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ या नावाच्या पानावर ठेवलेली आहे. समोर खराखुरा कीबोर्ड असलेल्या माणसाने आभासी कीबोर्डचे पान का उघडावे, याचे उत्तर मला आजही देता येत नाही. स्पर्शाच्या पडद्यासाठी काहीतरी असेल असे समजून मी ते पान कित्येकदा ओलांडून पुढे गेलो. निवड सापडल्यावर मराठी लिहिता येऊ लागले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्यानंतरही कीबोर्डच्या मांडण्यांची एक यादी प्लाझ्माकडे आणि दुसरी आयबसकडे राहिली, भाषा बदलण्याच्या कळाही दोघांच्या वेगळ्या राहिल्या, आणि आत्ता कोणाची सत्ता चालू आहे हे वाक्याच्या मध्यावर थांबून पाहण्याची वेळ माझ्यावर वारंवार येऊ लागली. दिवसातून शंभरदा मराठी-इंग्रजी अशी ये-जा करणाऱ्याला हा घोळ बुटातल्या खड्यासारखा टोचतो. इन्स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला यातले काहीच भोगावे लागणार नाही, आणि त्याला मी प्लाझ्मा आनंदाने सुचवेन.

सिनॅमन मी लिनक्स मिंट या वितरणाच्या २१ व्या आवृत्तीत वापरला. तो शांत आणि समजूतदार डेस्कटॉप आहे, नवख्या माणसाला कुठेही धांदल होऊ देत नाही. तिथेही कीबोर्डच्या मांडण्या एका जागी आणि मधल्या प्रोग्रामची निवड दुसऱ्या जागी होती. प्लाझ्माइतका त्रास झाला नाही, पण दुहेरी कारभार तोच होता.

ग्नोमकडे मी सर्वांत शेवटी आणि बराच साशंक होऊन गेलो. त्याने आयबसला २०१२ मधील ३.६ या आवृत्तीपासून आपल्यात सामावून घेतले आहे आणि त्याचा अर्थ मला पहिल्याच दिवशी कळला. एम१७एनचा संच बसवून लॉगआउट केले, पुन्हा आत आलो, कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये अधिकचे चिन्ह दाबले, तर इंग्रजीच्या खालीच मराठीच्या सगळ्या पद्धती, इन्स्क्रिप्टसह, एकाच यादीत मांडलेल्या होत्या. सुपर (विंडोजचे चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस या कळा एकत्र दाबल्या की भाषा बदलते, आणि चालू भाषा वरच्या पट्टीवर दिसते. त्याच पानावर प्रत्येक विंडोची भाषा स्वतंत्र ठेवण्याचा पर्याय आहे. तो मुळात बंद असतो, तेवढा आठवणीने सुरू करावा. तेव्हापासून माझे टर्मिनल इंग्रजीत आणि लेखन मराठीत राहते.

ग्नोमची किंमतही मोजावी लागते, आणि ती लपवणे योग्य होणार नाही. मूळ ग्नोममध्ये विंडो खाली सारण्याचे बटण नसते, पॅनेलवरची प्रोग्रामांची छोटी चिन्हे २०१७ मध्ये काढून टाकण्यात आली, आणि या उणिवा भरून काढणारी एक्स्टेन्शने, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, ग्नोमची आवृत्ती बदलली की बंद पडू शकतात. २०२३ मधल्या ४५ व्या आवृत्तीत तर अंतर्गत रचना इतकी बदलली की जुनी सगळी एक्स्टेन्शने नव्याने जुळवून घ्यावी लागली. प्लाझ्मातला नकललेल्या मजकुराचा इतिहास मला आजही आठवतो. यावर मला सापडलेला मार्ग म्हणजे ग्नोमच वापरणाऱ्या उबुंटू या वितरणाची दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती. तिच्यात बाजूची डॉकपट्टी, छोटी चिन्हे आणि खाली सारण्याचे बटण आधीच दिलेले असते, आणि अशी आवृत्ती दोन वर्षांतून एकदाच येत असल्याने मोडतोडीचे प्रसंगही तितकेच विरळ होतात. ही सगळी गैरसोय मी एकदा बसून निस्तरू शकलो. भाषा बदलण्याची गैरसोय मात्र दर वाक्याला समोर उभी राहत होती.

तुमच्या कामाचे स्वरूप वेगळे असेल, तर तुमचा कौल वेगळा पडू शकतो, हे मला मान्य आहे. मराठी केवळ फोनवर लिहिणाऱ्याने प्लाझ्मा किंवा सिनॅमन निःशंकपणे घ्यावा. मात्र संगणकावर रोमन आधाराने रोज मराठी लिहीत असाल, तर ग्नोमला आधी संधी द्यावी असे मी सुचवेन. एकाच खात्यात दोन डेस्कटॉप बसवून तुलना करू नये, कारण दोघांच्या थीम आणि सेटिंग्ज एकमेकांत मिसळतात आणि नंतर दोष कोणाचा हे कळत नाही. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह पद्धतीने, म्हणजे संगणकावर न बसवता, लिनक्स सुरू करावे, इंटरनेट जोडून आयबससाठीचा एम१७एन संच तिथेच बसवावा, आणि एका विंडोत मराठी पत्र व दुसऱ्या विंडोत इंग्रजी ईमेल असे आलटून पालटून निदान पाऊण तास लिहून पाहावे.