लिलावातला लॉट घरी आणायचा कसा : स्पीड पोस्ट, ज्ञान पोस्ट की कुरियर?

जुनी पुस्तकं, दिवाळी अंक, पोस्टकार्डं, नकाशे, नाणी यांचे लिलाव आता फोनवरच होतात आणि बोली लावताना सगळं लक्ष वरच्या आकड्यावर असतं. लॉट, म्हणजे एका बोलीत विकला जाणारा माल, तीनशेला सुटतो. मग त्यावर बायर्स प्रीमियम (खरेदीदाराकडून घेतलं जाणारं लिलावगृहाचं कमिशन), जीएसटी, पॅकिंग आणि पाठवणी चढते. महागड्या लॉटमध्ये हे खपून जातं, स्वस्त लॉटमध्ये मात्र पाठवणीच खरेदीवर मात करते. त्यामुळे माल कसा आणायचा हे बोली लावण्याआधीच ठरलेलं बरं. आणि ते ठरतं लॉटमध्ये काय आहे यावरून. ‘कुठलं कुरियर चांगलं’ हा प्रश्न त्यानंतरचा.

पाकिटात मावणारा कागद

पोस्टकार्डं, जुने शेअर सर्टिफिकेट, टपालाची पाकिटं, घडी न घालता बसणारा छोटा नकाशा. इथे माझं मत स्पष्ट आहे: स्पीड पोस्ट. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरांप्रमाणे ५० ग्रॅमपर्यंतचं कागदपत्रांचं पाकीट गावातल्या गावात १९ रुपयांत आणि बाहेरगावी ४७ रुपयांत जातं. ५१ ते २५० ग्रॅमच्या टप्प्यात अंतर मोजलं जातं. मुंबईहून पुण्याला (२०० किलोमीटरपर्यंत) ५९ रुपये, बंगळूरहून पुण्याला (५०१ ते १,००० किलोमीटर) ६८ रुपये. वर १८ टक्के जीएसटी. ओटीपी दाखवूनच पाकीट हातात पडावं असं वाटत असेल तर पाच रुपये जास्त, आणि नाव असलेल्या माणसालाच मिळावं म्हणून नोंदणी हवी असेल तर आणखी पाच. दोन्ही घेतलं तरी बंगळूरचं पाकीट कर धरून ९२ रुपयांच्या आसपास पडतं.

विक्रेत्याने याच पाकिटाचे अडीचशे रुपये लावले असतील तर वरचे पैसे पॅकिंगचे आणि त्याच्या फेरीचे. ते घ्यायला हरकत नाही, पण ‘पोस्टेज’ म्हणून घेऊ नयेत. काही जण अजून ‘रजिस्टर पोस्टाने पाठवू’ असं लिहितात. ती सेवा २०२५मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे, तेव्हा नक्की कशाचा दर लावलाय ते विचारा. वरचे आकडे कागदपत्रांच्या पाकिटाचे आहेत. वस्तू असलेल्या पार्सलचं कोष्टक वेगळं असतं.

पुस्तकांचा गठ्ठा

पुस्तकांचं दुखणं म्हणजे वजन. दहा-बारा पुस्तकांचा लॉट चार किलोवर सहज जातो आणि कुरियरचा दर ऐकून उत्साह मावळतो. इथे टपाल खात्याची १ मे २०२५ला सुरू झालेली पुस्तकांसाठीची सेवा, ज्ञान पोस्ट, बघावी. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. जमिनीवरच्या वाहतुकीने जाते म्हणून वेळ लागतो, पण ट्रॅकिंग आहे. सत्तर वर्षं कपाटात पडलेल्या पुस्तकाला आणखी आठवडा लागला तर बिघडत नाही.

अटी मात्र वाचा. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक अशी पुस्तकंच चालतात आणि प्रत्येकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं. म्हणजे शीर्षकपानच गायब असलेली प्रत, जी लिलावात हमखास स्वस्त सुटते, ती इथे अडू शकते. नियतकालिकंही चालत नाहीत, त्यामुळे जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा या दरात जाईल असं गृहीत धरून बोली लावू नका.

कुरियर कधी?

लाकडी चौकट, काच, पितळ, ग्रामोफोनच्या तबकड्या असतील आणि विक्रेता रोज माल पाठवणारा असेल, तर. अशा विक्रेत्याचा कंपनीशी ठरलेला दर असतो. तुम्ही काउंटरवर जाऊन विचाराल त्यापेक्षा तो कमी असतो. खोक्याचं माप मात्र आधी मागा. कुरियरवाले आकारावरून काढलेलं वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेकदा ५,००० ने भागायचं. ४० × ३० × २० चं खोकं आत कापूस असला तरी ४.८ किलोचं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जड सामान असेल तर एसटीची पार्सल सेवाही विचारात घ्या, स्टँडवर जाऊन आणायची तयारी असेल तर.

नाणी

ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. अशा वीस नाण्यांचा लॉट अडीचशे ग्रॅमच्या आतच, तेव्हा वजनाची चिंता नाही. चिंता किमतीची. स्पीड पोस्टाचं पाकीट हरवलं तर भरपाई भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यातलं जे कमी ते. शंभर रुपये शुल्क भरलं असेल तर हाती दोनशे. म्हणून विमा उतरवूनच मागवा. कुरियरच्या अटींत नाणी, सोनं-चांदी, पुरातन वस्तू वगळणारं कलम सर्रास असतं, म्हणजे पैसे जास्त मोजून संरक्षण शून्य. लिलावगृह मुंबईत आणि तुम्ही ठाण्या-पुण्यात असाल तर लोकलचं किंवा एसटीचं तिकीट काढून स्वतः घेऊन येण्याइतका चांगला पर्याय नाही.

परदेशातून

ईबेवर ब्रिटनमधले विक्रेते जुने नकाशे आणि पुस्तकं बरीच विकतात. रॉयल मेलचा, म्हणजे तिथल्या टपालसेवेचा, छापील साहित्याचा वर्ग ५ किलोपर्यंत घेतो, तो मिळाला तर पुस्तकांसाठी उत्तम. अमेरिकेच्या टपालात स्वस्त पार्सलची मर्यादा ४ पौंड वजन (साधारण १.८ किलो) आणि ४०० डॉलर किंमत, त्यापुढे दर एकदम उडी मारतो. अशा वेळी दोन पार्सलं करायला सांगणं स्वस्त पडू शकतं. उलट एकाच विक्रेत्याचे तीन हलके लॉट जिंकलात तर पैसे भरण्याआधी एकत्र इन्व्हॉइस मागा.

एक्स्प्रेस कुरियर पटकन येतं, पण केवायसी मागतं आणि सीमाशुल्क आधी भरल्याबद्दल स्वतःचं शुल्क लावतं. टपालाने आलेल्या पार्सलवर शुल्क बसलंच तर पोस्टमन दारात घेतो. शुल्क काढताना वाहतूक आणि विमाही किमतीत मिळवतात; मात्र हवाई वाहतुकीचा खर्च वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरायचा असा नियम आहे. २० पौंडांच्या नकाशाला ३५ पौंड कुरियर लागलं तरी मूल्यात वाहतुकीचे फार तर ४ पौंड धरले जायला हवेत. बिल आलं की हे तपासा.

फॉरवर्डरच्या (तिथे माल घेऊन पुढे भारतात पाठवणाऱ्या कंपनीच्या) अमेरिकी पत्त्यावर माल मागवणं स्वस्त दिसतं, पण तिथून पुढे पाठवलेल्या मालाला ईबेची पैसे परत मिळण्याची हमी लागू होत नाही. महाग लॉटसाठी मी हा मार्ग धरणार नाही.

भारतातून परदेशी

लंडनला किंवा न्यू जर्सीला बसून मुंबईच्या लिलावात शिवराईवर (मराठा काळातल्या तांब्याच्या नाण्यावर) बोली लावणाऱ्यांना तर कुठल्याच कंपनीचा दर उपयोगाचा नाही. १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची. लॉट इथल्या नातेवाइकाच्या पत्त्यावरच मागवावा लागेल.