तूच ठरव: सुट्टीसाठी कुठलं पुस्तक घ्यायचं?

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारा ते पाच दार उघडायची सोय नसते. कूलरसमोर दोघं बसलेली असतात: भाची दहा वर्षांची, भाचा आठचा. गेली दोन वर्षं त्यांच्यासाठी मी वाचणाऱ्यानंच वाट निवडायची पुस्तकं गोळा करतोय. बोगद्यात शिरायचं असेल तर अमुक पान, मागं फिरायचं असेल तर तमुक पान, असली. ‘एकच घ्यायचंय, कुठलं घेऊ?’ असं बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी हे.

लोक आधी शेवट किती आहेत ते बघतात, कारण तो आकडा कव्हरवरच छापलेला असतो. मी बघतो ते वेगळं. एका निवडीपासून दुसऱ्या निवडीपर्यंत पोराला किती इंग्रजी तुडवत जावं लागतं? आमची दोघं सेमी-इंग्रजीतली. गणिताचं इंग्रजी त्यांना येतं, पण गोष्टीतलं इंग्रजी हे निराळंच प्रकरण. तीन पानं सलग आली की भाचा पुस्तक पालथं टाकून फ्रीज उघडतो.

या मापानं ‘चूज युअर ओन अ‍ॅडव्हेंचर’ ही मालिका बरी पडते. एडवर्ड पॅकार्ड नावाचे वकील मुलींना झोपताना गोष्ट सांगायचे. एकदा पुढचं सुचेना, म्हणून त्यांनी मुलींनाच विचारलं, आणि दोघींनी दोन वेगळ्या वाटा सांगितल्या. तिथून ही कल्पना निघाली. मालिका १९७९ मध्ये सुरू झाली, आणि १९९८ पर्यंत बँटमनं तिची १८४ पुस्तकं काढली. आता चूजको ही कंपनी त्यातली निवडक पुस्तकं नव्यानं छापते. मालिकेतल्या पहिल्या, पॅकार्ड यांच्याच पुस्तकाला ४० शेवट होते. आमच्याकडं आर. ए. माँटगोमेरी यांचं हिममानवाचं आहे, २८ शेवटांचं. ते नेपाळात घडतं, त्यामुळं काठमांडू, शेर्पा, हिमालय हे समजावत बसावं लागत नाही. पान-दोन पानांत निवड येते, आणि एक डाव पंधरा मिनिटांत उरकतो.

खोट एकच. शहाण्यासारखं वागूनही माणूस मरतो. भाचीनं नीट विचार करून सुरक्षित वाट घेतली आणि पुढच्याच पानावर खेळ खलास. ‘मी बरोबर केलं होतं मामा, हा रडीचा डाव आहे!’ तेव्हापासून ती निवड करताना मागच्या पानात बोट अडकवून ठेवते. पुढं मरण दिसलं की बोटावरून परत. भाचा त्याला चीटिंग म्हणतो आणि स्वतः दोन बोटं अडकवतो.

न्याय-अन्यायाचा इतका राग येणाऱ्या मुलांसाठी फाशांची पुस्तकं आहेत. स्टीव्ह जॅक्सन आणि इयान लिव्हिंगस्टन यांची ‘फायटिंग फँटसी’ १९८२ मध्ये आली. पहिल्या पुस्तकात ४०० क्रमांकित तुकडे आहेत, आणि बरेचसे दहा ओळींच्या आतले. म्हणजे माझ्या मापानं ही पहिल्या नंबरावर यायला हवी. पण गोष्टीआधी नियमांची पानं आहेत, आणि ती मोठ्या माणसानं वाचून समजावल्याशिवाय गाडं हलत नाही. फासा टाकून त्यात ६ मिळवले की तुमचं कौशल्य. दोन फासे आणि १२ ही ताकद. लढाईत तुम्ही दोन फासे टाकून कौशल्य मिळवता, समोरच्या राक्षसासाठीही तसंच करता, आणि ज्याची बेरीज कमी त्याची ताकद २ नं घटते. आम्ही लुडोचे फासे वापरतो. राक्षसाचे फासे भाचा टाकतो, आणि बहिणीला मारायला मिळतंय म्हटल्यावर बेरजा तोंडी आणि बिनचूक होतात. घरात दोन मुलं असतील तर हेच घ्या. एकट्या मुलाला, तेही अकराच्या आत, देऊ नका. आणि शेवटाची आधीच कल्पना द्या. पहिल्या पुस्तकात मांत्रिकाचा खजिना मिळवायचा असतो; त्या खजिन्याच्या पेटीच्या योग्य किल्ल्या वाटेत गोळा केल्या नसतील, तर मांत्रिकाला हरवूनही हात हलवत परत यावं लागतं. आमच्याकडं त्या रात्री जेवण झालं नाही.

फासे नकोत पण लढाई हवी, तर जो डेव्हर यांची ‘लोन वुल्फ’. तिच्यात आकड्यांचा तक्ता असतो, आणि डोळे मिटून त्यावर पेन्सिल टेकवायची. डेव्हर यांच्याच परवानगीनं ती इंटरनेटवर फुकट वाचता येते. मी मात्र ती मुलांना दिली नाही. एकदा फोन हातात गेला की पेन्सिल कोण टेकवतंय!

‘गिव्ह युअरसेल्फ गूजबम्प्स’ ही आर. एल. स्टाइन यांची भुताटकीची मालिका, १९९५ पासूनची. पहिलंच पुस्तक जत्रेतलं आहे, आणि आमच्या होम मैदानावरची गड्ड्याची जत्रा बघितलेल्या पोराला ती जत्रा लगेच कळते. इंग्रजी सोपं, विनोद बाष्कळ. रात्री एकट्यानं बाथरूमला जाणाऱ्या मुलालाच द्या.

पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी चूजकोची ‘ड्रॅगनलार्क’ ही रंगीत चित्रांची मालिका आहे. छान आहे, पण लवकर संपते.

जुनं पुस्तक घेणार असाल तर गाड्यावरच प्रत्येक पान मोजा. मी मोजलं नव्हतं. घरी येऊन पान ५७ वर जायची वेळ आली तेव्हा ५६ नंतर थेट ५९. साध्या कादंबरीचं पान गेलं तर अंदाजानं पुढं सरकता येतं, इथं रस्ताच बुजतो. परत न्यायला गेलो तर गाडेवाला म्हणाला, ‘साहेब, दुसरा रस्ता घ्या की!’ फाशांच्या जुन्या पुस्तकात आधीच्या वाचकानं पेननं भरलेले आकडे असतात तेही बघा. वाचनालयाचं असेल तर कौशल्य-ताकद लिहायच्या पानाची झेरॉक्स काढून तिच्यावर लिहा.

मराठीत असं पुस्तक मला इथल्या दुकानांत मिळालं नाही. म्हणून जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर मी स्वतःच बत्तीस कार्डं लिहिली. पहिलं कार्ड: ‘तू सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभा आहेस. किल्ल्याच्या बाजूला पाण्यात काहीतरी चमकतंय.’

‘उभा? मी?’ भाची म्हणाली.

इंग्रजीतल्या ‘यू’ला ही अडचण नाही. मराठीत ‘तू’ म्हटलं की पुढच्या क्रियापदाला बहुतेक वेळा बाई की पुरुष ते सांगावं लागतं. चालतोस, चालतेस, घाबरलास, घाबरलीस. रात्री बसून सगळी कार्डं परत लिहिली: ‘तुझे पाय तलावाच्या पायरीवर. तुला पाण्यात काहीतरी चमकताना दिसतं.’ तू पळतोस नाही, तर तुला पळावं लागतं. तू पडलास नाही, तुझा पाय घसरतो. इंग्रजी पुस्तक मराठी करून मोठ्यानं वाचून दाखवणार असाल तर मात्र हे काम सोपं आहे. समोर जो बसलाय त्याचं क्रियापद लावायचं. ‘चूज युअर ओन’ असं वाचायला सगळ्यात सोयीचं, म्हणून एकच घ्यायचं असेल तर माझं मत त्यातल्या हिममानवाला.

पत्रिकांचा गठ्ठा अजून कूलरवर आहे. पहिल्या कार्डाखाली दोन वाटा आहेत: चमकणारं काय ते बघायला जायचं असेल तर कार्ड ४, मामाला हाक मारायची असेल तर कार्ड ७. चार नंबरचं कार्ड हाताळून मऊ पडलंय. सात नंबरचं अजून कोरं करकरीत आहे.