डोंगरावर न्यायच्या रिगसाठी पॅक: १८६५० की ३२७००?

क्यूआरपी रिग, म्हणजे कमी पॉवरचा हॅम रेडिओ संच, घेऊन गडावर जायचं आणि त्याचा बॅटरी पॅक घरीच बांधायचा, तर दोन सरळ वाटा आहेत. १८६५० या आकाराचे सहा सेल जोडून ली-आयनचा (लिथियम-आयन) ३एस२पी, म्हणजे दोन-दोन समांतर सेलच्या तीन जोड्या एकापुढे एक; नाहीतर ३२७०० या मोठ्या आकाराचे चार सेल एकापुढे एक जोडून एलएफपीचा (लिथियम आयर्न फॉस्फेट) ४एस. मी दोन्ही बांधले आणि वापरले. आता माझ्या सॅकमध्ये दुसरा असतो, पण म्हणून पहिला टाकाऊ ठरत नाही.

वजनात ली-आयन सरळ जिंकतो. १८६५० चा एक सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सहांचं मिळून पाव किलोच्या थोडं वर. ३२७०० चे चार सेल अर्धा किलो सहज ओलांडतात. २६०० एमएएचचे सेल धरले तर ली-आयनमध्ये ५८ वॉट-तास बसतात, ६००० एमएएचच्या एलएफपीमध्ये ७७. ग्रॅममागे हिशोब केला तर एलएफपी मागेच पडतो.

सेल मिळण्याची गोष्ट मात्र उलटी. १८६५० च्या नावाखाली बाजारात काय वाट्टेल ते विकलं जातं. ९९०० एमएएच छापलेला सेल दिसला की तो हातात घेऊन वजन बघावं, नाहीतर सरळ पुढच्या दुकानात जावं. ३२७०० सौर पथदिव्यांमुळे मुबलक झाले आहेत आणि स्क्रूवाले मिळाले तर सेलवर पट्ट्या जोडणारा स्पॉट वेल्डर शोधत फिरावं लागत नाही.

पण माझा निर्णय झाला तो व्होल्टेजवर. खरं तर व्होल्टेज वाढवण्याच्या उपायावर.

३एस पॅक १२.६ ला भरतो आणि ट्रान्समिट करताच बाराच्या खाली येतो. अर्धा उतरला की बोलताना साडेदहाकडे झुकतो. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते म्हणून ३५-४० टक्के गेली, तरी समोरच्याच्या एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) फारसा फरक दिसत नाही. तेवढं चालून गेलं असतं. पण आउटपुटला आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर लावलेल्या रिगचा आवाज कमी व्होल्टेजला चिरका होतो, निदान माझ्या रिगचा तरी होतो. मग सगळे सुचवतात तसा बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज वाढवणारं सर्किट, लावला.

आणि चाळीस मीटरच्या हॅम बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) कुजबुज सुरू झाली. या कन्व्हर्टरचं एक्सएल६००९ चिपचं मॉड्यूल ४०० किलोहर्ट्झला स्विच होतं, आणि त्या फ्रिक्वेन्सीच्या पटींवरही (हार्मोनिक) गोंगाट उमटतो. त्याचा अठरावा गुणक ७.२ मेगाहर्ट्झ, म्हणजे आपल्या बँडचं वरचं टोक. चिपची फ्रिक्वेन्सी जरा खाली असली की तो गुणक थेट बँडच्या आत. शिवाय गरम झाल्यावर आणि लोड बदलल्यावर तो सरकतो, त्यामुळे एका जागी टाळताही येत नाही. फेराइट, पत्र्याचा डबा, जाड ग्राउंड, सगळं केलं. कमी झाला, गेला नाही. शहरात शेजारपाजारच्या एलईडी दिव्यांच्या कलकलाटात हे कळतही नाही. गडावर कळतं, कारण तिथे बँड शांत असतो. त्या शांततेसाठीच तर चढायचं, आणि गोंगाट आपणच पाठीवरून वर न्यायचा?

४एस एलएफपीला कन्व्हर्टर लागतच नाही. चार्जरवरून काढल्यावर थोड्याच वेळात तो १३.३ च्या आसपास स्थिरावतो आणि बराच वेळ तिथून फारसा हलत नाही. रिगला हवं तेच.

याच सपाटपणाचा एक त्रासही आहे. पॅक किती उरला हे मीटर सांगत नाही. तेरा, तेरा, तेरा, आणि मग एकदम बीएमएस (सेलचं रक्षण करणारा बोर्ड) पुरवठा तोडतो. रात्रभर स्टेशन चालवणार असाल तर मधे अँपिअर-तास मोजणारा मीटर टाका. मी दिवसाच जातो, त्यामुळे मला अजून गरज वाटलेली नाही.

तुमची रिग मुळातच कमी व्होल्टेजवर खूश असेल, तर माझा मुद्दा तुम्हाला लागू नाही. याएसूचा एफटी-८१८ हा तयार संच आठ व्होल्टपर्यंत चालतो, एलेक्राफ्टच्या केएक्स२ च्या पोटात तर ३एस पॅकच बसतो. तिथे पाव किलोचा पॅक सोडून अर्धा किलो उचलायला मी तरी सांगणार नाही. बाकी हातानं बांधलेल्या बहुतेक रिगना मी एलएफपीच सुचवेन.

घ्यायचं ठरलं तर बीएमएस बघून घ्या. ४एस ली-आयनचे आणि ४एस एलएफपीचे बोर्ड दिसायला सारखेच असतात. ४.२५ व्होल्टला तोडणारा बोर्ड ३.६५ ला भरणाऱ्या सेलचं रक्षण करू शकत नाही, आणि चार्जरही १४.६ चाच लागतो.