विश्रामबागेतील मानसोपचार क्लिनिक : औषधाआधी नीट तपासणी

तासगाव तालुक्यात द्राक्षबाग असलेल्या माझ्या थोरल्या भावाला आम्ही पावसाळ्यात सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका खासगी मानसोपचार क्लिनिकमध्ये दाखवले. बागेचे नुकसान झाल्यामुळे तो खचला आहे, असे घरातल्या सर्वांनी धरूनच चालले होते. डॉक्टरांनी मात्र तेवढ्या एका कारणावर भिस्त ठेवली नाही, आणि मला या क्लिनिकची सर्वांत मोलाची बाब हीच वाटते.

पहिल्या भेटीत त्यांनी दादाशी आणि वहिनींशी वेगवेगळे बोलून झोप, भूक, दारू, चालू गोळ्या आणि घराण्यातील आजार यांची सविस्तर चौकशी केली. मागील दोन आठवड्यांविषयीची नऊ प्रश्नांची, नैराश्याची तीव्रता मोजणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली मराठीतून भरून घेतली, पण २७ पैकी किती गुण आले एवढ्यावरून निदान ठरत नाही, हेही स्पष्ट केले. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे त्यांनी आडवळण न घेता विचारले आणि त्या प्रश्नानंतरच आपण मोकळेपणाने बोलू शकलो, असे दादाने नंतर सांगितले. पूर्वी कधी झोपेची गरज न वाटता अतिउत्साहात भरमसाट खर्च केला होता का, हे त्यांनी वहिनींना खोदून विचारले. कारण आजार द्विध्रुवीय, म्हणजे कधी नैराश्य तर कधी अतिउत्साहाचा उन्माद असा आलटून पालटून येणारा असेल, तर नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी रुग्ण उन्मादाकडे झुकू शकतो. थायरॉइड मंदावल्यावरही असाच थकवा आणि निरुत्साह येतो, म्हणून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांच्या तपासण्या करून घेतल्या.

एस्सिटॅलोप्रॅम ही नैराश्यावरची गोळी कमी मात्रेत सुरू करताना चिठ्ठीच्या मागे त्यांनी स्वतःच्या हाताने मराठीत लिहून दिले : गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ होऊ शकते, बरे वाटल्यावरही किमान सहा महिने गोळी चालू ठेवावी, मनाने एकदम बंद करू नये. वहिनींनी तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

स्वागतकक्षात मात्र सर्वांसमक्ष ‘काय त्रास होतोय?’ असे विचारले जाते, हे तातडीने थांबायला हवे. समुपदेशक फक्त शनिवारी येतात, त्यामुळे छाटणीच्या दिवसांत दादाच्या भेटी चुकल्या. फीदेखील अनेकांना जड जाईल. त्यांनी शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जावे. रात्री-अपरात्री जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.