बडोद्याच्या तळ्यात काय सोडावं: कटला-रोहू संकर, जयंती रोहू की गिफ्ट तिलापिया?

डभोई, सावली, वाघोडियाकडे तळं खोदून झालं की पहिला प्रश्न माशांच्या बियाण्याचा. ही तीन नावं कानावर येतात आणि विकणारे तिन्हींना सरसकट 'संकरित' म्हणतात. पण तिन्ही एकाच रीतीने तयार झालेली नाहीत. पैसे मोजण्याआधी हा फरक कळायलाच हवा.

कटला-रोहू हा दोन जातींचा खरा संकर. कटला झपाट्याने वाढतो, पण त्याचं डोकं मोठं. संकरात डोकं लहान होतं, मांस जास्त मिळतं आणि वाढ साध्या रोहूपेक्षा सरस असते. एका हंगामात सगळा विकणार असाल तर मासा वाईट नाही. घोळ पुढे होतो, कारण हा संकर वांझ नसतो. त्याची पिल्लं काही रोहूकडे झुकतात, काही कटल्याकडे, आणि वजनं सारखी येत नाहीत. असा मासा प्रजननासाठी ठेवला तर शुद्ध वाण हातचा जातो. पुष्कळदा हा संकर कुणी ठरवून केलेलाही नसतो. वेळ आणि पाणी वाचवायला कटला आणि रोहू प्रजननाच्या एकाच गोल टाकीत सोडले की भेसळ होते, आणि ती 'रोहू' म्हणून पिशवीत येते. बोटुकली (बोटाएवढं पिल्लू) ओली असतानाच हातात घेऊन खालचा ओठ पाहा. रोहूच्या ओठाला झालर स्पष्ट दिसते. कटल्याला झालर नसते आणि तोंड वर वळलेलं असतं. झालर पुसट आणि डोकं जरा थोराड दिसलं तर ती पिशवी घेऊ नका.

जयंती रोहू हा निवड पद्धतीने घडवलेला वाण. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या साथीने गंगा, यमुना, गोमती, ब्रह्मपुत्रा, सतलज या नद्यांतले रोहू आणि हॅचरीतला (बीजकेंद्रातला) साठा एकत्र आणला. मग पिढ्यानपिढ्या चांगल्या वाढीची कुटुंबं निवडली. दर पिढीला वाढीत सुमारे 17 टक्के सुधारणा मिळाली. स्वातंत्र्याच्या पन्नाशीच्या वर्षी, 1997 मध्ये नाव मिळालं, म्हणून 'जयंती'. ही सुधारणा पुढच्या पिढीत उतरते, संकराचा जोर तसा उतरत नाही.

तिलापिया हा मूळचा आफ्रिकेतला मासा, गिफ्ट हा त्याचा सुधारित वाण; त्याचा इतिहास हेच सांगतो. 1988 मध्ये फिलिपिन्समध्ये इजिप्त, घाना, केनिया, सेनेगलचे जंगली आणि इस्रायल, सिंगापूर, तैवान, थायलंडचे पाळीव असे आठ वाण जमवले गेले. त्यांच्या 64 जोड्या लावून पाहिल्या. संकराचा फायदा इतका थोडा निघाला की सगळं रक्त एकत्र करून निवडीचाच रस्ता धरला. मासा उत्तम, पण त्याला सरकारी परवानगी लागते आणि बीज एकलिंगी (सगळे नर) हवं. नाहीतर तळ्यातच पिल्लावळ होते आणि सगळे मासे बोटाएवढेच राहतात. हिवाळ्यात पाणी 20 अंशांखाली गेलं की त्याचं खाणं मंदावतं. विश्वामित्री आणि ढाढरच्या पुराचं पाणी जिथे शिरतं, तिथे तो नदीत निसटेल. अशा जागी आम्ही त्याला साफ नको म्हणू.

बडोद्याकडच्या बहुतेक तळ्यांना जयंतीच सोयीचा. दावा पडताळायचा असेल तर जयंती आणि साधा रोहू शंभर-शंभर, अगदी सारख्या वजनाचे, एकाच तळ्यात सोडा. एका गटाचा पोटाखालचा डावा पर मुळाशी कापून खूण करा. सुरुवातीला पाच ग्रॅमचाही फरक असेल तर तोच पुढे वाणाचा गुण वाटतो. दर महिन्याला प्रत्येक गटाचे तीसेक मासे तोला.

स्वतः बीज काढणार असाल तर नरांच्या संख्येत काटकसर करू नका. 40 माद्यांना 4 नर लावले तर रक्ताच्या दृष्टीने ते जेमतेम 14-15 माशांइतकंच भरतं आणि दर पिढीला सुमारे साडेतीन टक्के अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातलं प्रजनन) चढतं. 20 नर आणि 20 माद्या ठेवल्या तर ते सव्वा टक्क्यावर राहतं. नर-मादी वेगवेगळ्या हॅचरींतून आणा आणि दर दोन-तीन वर्षांनी नवं रक्त घ्या.